एवढे मार्क आले कुठून?

निकालाचे दिवस म्हणजे आमच्या गल्लीत पेढ्यांचे दिवस, आणि कुजबुजीचेही. ज्या मुलाला कायमच चांगले मार्क पडतात त्याचे पेढे आपण निमूट खातो. पण मागच्या वर्षी रडतखडत निघालेली एखादी मुलगी यंदा एकदम वर आली, की पेढा तोंडात असतानाच कुणीतरी म्हणतं, ‘‘एवढे मार्क आले कुठून गं हिला?’’ मग हा प्रश्न दळणाच्या गिरणीवरून भिशीत, भिशीतून हळदीकुंकवाला असा फिरत राहतो. त्या मुलीला तोंडावर मात्र कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर तरी देता आलं असतं!

मैत्रिणींनो, हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या परीक्षा घेणाऱ्या संस्थाही विचारतात. त्या तो लेखी विचारतात आणि उत्तर द्यायला मुदत देतात, एवढाच फरक. मला याची काहीच कल्पना नव्हती. आमच्या महिला मंडळाची मुलींसाठी एक छोटी अभ्यासिका आहे. तिथे येणाऱ्या एका मुलीने बारावीनंतर एक वर्ष घरी बसून प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायची ठरवली. तिची आई धुणीभांडी करते. ती मला म्हणाली, ‘‘ताई, मागल्या खेपेपेक्षा लई मार्क वाढले तर कुणी चौकशी तर नाही ना लावत?’’ मला आधी हसूच आलं. मार्क वाढावेत म्हणून आपण वर्षभर धडपडतो आणि ही वाढल्यावर काय होईल याची काळजी करतेय! पण माझी मामेबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, तिच्याशी फोनवर बोलताना हा विषय निघाला आणि तिने सांगितलं, की अमेरिकेत याचं अख्खं शास्त्र आहे. मग मी वाचायला घेतलं. मी कला शाखेची पदवीधर, आकडेमोडीशी माझं फारसं जमत नाही. पण हा विषय नुसत्या आकड्यांचा नाही हे लवकरच लक्षात आलं.

अमेरिकेत कॉलेजला जाण्याआधी मुलं ‘सॅट’ नावाची परीक्षा देतात. ती कॉलेज बोर्ड या संस्थेची. अनेक वर्षं ती प्रत्यक्षात घेण्याचं काम ‘ईटीएस’ ही दुसरी संस्था करत असे. जीआरई आणि टोफेल या परीक्षाही ईटीएसच्याच. आपल्याकडची इंजिनिअर झालेली मुलं परदेशी जाण्यासाठी देतात त्या. सॅटचे गुण ४०० ते १६०० मध्ये असतात आणि ती पुन्हा पुन्हा देता येते. दुसऱ्या खेपेला बहुतेकांचे गुण थोडेफार वाढतात, काहींचे कमीही होतात. एखाद्याचे मात्र एकदम उसळतात. पूर्वी ईटीएसचा नियम होता, की दोन परीक्षांत ३५० हून जास्त गुणांची वाढ झाली, की तो पेपर आपोआप बाजूला काढायचा आणि तपासायचा.

असाच एक पेपर १९९१ साली बाजूला निघाला. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागातला एक मुलगा. मे महिन्यात त्याने सॅट दिली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिली. दोन्हींत फरक होता ४१० गुणांचा. संस्थेने दोन्ही उत्तरपत्रिकांवरचं हस्ताक्षर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं आणि हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवलं. तज्ज्ञ म्हणाला, ही दोन वेगळ्या माणसांची अक्षरं आहेत. म्हणजे नोव्हेंबरला या मुलाच्या नावावर दुसराच कुणी बसला असावा! संस्थेने मुलाच्या घरी पत्र पाठवलं.

ते पत्र कसं असतं हे समजून घेण्यासारखं आहे. त्यात ‘तू कॉपी केलीस’ असं कुठेही म्हणत नाहीत. ‘तुझ्या गुणांच्या खरेपणाविषयी आम्हाला शंका आहे, ते रद्द करण्याचा आमचा विचार आहे’ असं म्हणतात. चोर म्हणायचं नाही, पण तिजोरीची किल्ली काढून घ्यायची, असा हा प्रकार. पुढे मुलापुढे काही वाटा ठेवतात. त्याला आपली बाजू मांडणारी जास्तीची माहिती देता येते. फुकटात पुन्हा परीक्षा देता येते आणि तिचे गुण जवळपास तेवढेच आले तर वादातले गुण कायम होतात. गुण रद्द करून घेऊन फी परत मागता येते. ज्या कॉलेजला गुण जायचे त्यालाच निर्णय करू द्या म्हणता येतं. नाहीतर लवादाकडे जाता येतं. परीक्षेचा फॉर्म भरताना मुलाने खाली सही केलेली असते, तेव्हाच त्याने हे सगळं मान्य केलेलं असतं. आपण गॅसच्या फॉर्मवर सही करतो तशीच सही, न वाचता केलेली.

या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी पहिली वाट धरली. त्यांनी काय काय गोळा केलं पाहा. मे महिन्याच्या परीक्षेच्या वेळी मुलाला मोनोन्यूक्लिओसिस झाला होता. हा विषाणूचा ताप, यात घसा सुजतो, गाठी येतात आणि माणूस कित्येक आठवडे गळून जातो. त्याचा दाखला दिला. नोव्हेंबरच्या आधी मुलाने क्लास लावला होता. तिथल्या सराव परीक्षांचे गुण नोव्हेंबरच्या गुणांशी जुळत होते, तेही दिले. परीक्षेच्या खोलीत देखरेख करणाऱ्या व्यक्तीने लिहून दिलं, की हा मुलगा तिथे बसलेला मला आठवतोय. दोन विद्यार्थ्यांनीही तसंच लिहून दिलं. त्यातल्या एकाची तर या मुलाशी आधी ओळखही नव्हती. घरच्यांनी आपला हस्ताक्षर तज्ज्ञ गाठला, तो म्हणाला, दोन्ही अक्षरं एकाचीच. एवढं करूनही संस्था हलली नाही. तिने आणखी तज्ज्ञांना अक्षर दाखवलं आणि आपलंच म्हणणं धरून ठेवलं.

प्रकरण कोर्टात गेलं. तिथे संस्थेच्या समितीवरची माणसं काय म्हणाली? तर अक्षर जुळत नाही म्हटल्यावर बाकीची माहिती आम्हाला गैरलागू वाटली! म्हणजे मुलाकडून कागद मागवायचे, त्याने धावपळ करून ते आणायचे आणि यांनी ते वाचायचेच नाहीत. आपल्याकडे सरकारी कचेरीत दाखल्यांसाठी खेटे घातलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

डिसेंबर १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने निकाल दिला. तिथल्या मुख्य न्यायाधीश ज्युडिथ के या बाईंनी तो लिहिला. त्या म्हणाल्या, संस्थेने स्वतः बाहेर जाऊन तपास करावा असं बंधन तिच्यावर नाही. पण मुलाने दिलेली माहिती सचोटीने विचारात घेण्याचा शब्द तिने करारात दिलाय, तो तिने मोडला. आता गंमत अशी, की कोर्टाने ‘गुण सोडा’ असा हुकूम मात्र दिला नाही. खालच्या कोर्टाने तसा दिला होता, तो वरच्या कोर्टाने बदलला. पुन्हा नीट पाहा, एवढंच सांगितलं. मुलगा खरा की खोटा हे कोर्टाने ठरवलंच नाही. चार वर्षं गेली. ज्या कॉलेजसाठी परीक्षा दिली ती वेळ तर केव्हाच टळून गेली होती.

हे वाचताना मला माझी नववी आठवली. गणितात मला सहामाहीत चौतीस होते. माझ्या धाकट्या आत्या तेव्हा बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेऊन तीन महिने माझ्याकडून बीजगणित करून घेतलं. वार्षिकला एकाहत्तर पडले. सरांनी वर्गात पेपर देताना विचारलं, ‘‘कुणाच्या मागे बसली होतीस?’’ वर्ग हसला. मी खरंच वर्गातल्या हुशार मुलाच्या मागे बसले होते, कारण आमचे नंबर तसे आले होते. काय सांगणार? आत्याचं नाव सांगायचंही सुचलं नाही. शाळेचं नाव इथे घेत नाही, सरही आता नाहीत. पण त्या एकाहत्तर मार्कांचा आनंद मला कधी झालाच नाही हे खरं.

सर ज्या दिशेने विचार करत होते, त्याच दिशेने या संस्थाही करतात. पण त्यांची पद्धत बरीच बारीक आहे. दोन मुलांची बरोबर उत्तरं जुळली तर त्यात विशेष काही नाही, दोघांनी अभ्यास केला असेल. पण चुकलेली उत्तरं जुळली तर? चार पर्यायांतला एक बरोबर असतो, चुकायला तीन वाटा असतात. शेजारी बसलेली दोन मुलं एकाच चुकीच्या वाटेने वारंवार गेली, की योगायोग म्हणणं कठीण होत जातं. आपल्याकडे दोघींच्या पुरणपोळीत सारखीच चव असेल तर आपण काही बोलत नाही, पण दोघींच्याही पुरणात मीठ पडलं असेल तर पुरण एकाच पातेल्यातलं आहे हे लगेच ओळखतो. तसंच हे.

यातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट १९८२ ची. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात गारफील्ड हायस्कूल नावाची शाळा आहे. तिथली मुलं बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली. तिथे हाइमे एस्कलान्ते हे गणिताचे शिक्षक होते. मूळचे बोलिव्हियाचे. तिकडे शिक्षक होते, पण साठच्या दशकात अमेरिकेत आले तेव्हा तिथली पदवी नव्हती म्हणून आधी एका हॉटेलात फरशी पुसण्याचं काम केलं, नोकऱ्या करत पुन्हा शिकले आणि १९७४ मध्ये या शाळेत लागले. ज्या शाळेतून फार अपेक्षा कुणी करत नव्हतं, तिथे त्यांनी मुलांना कॅल्क्युलस शिकवायला घेतलं. सकाळी शाळेआधी, दुपारी शाळा सुटल्यावर, सुट्टीतही. १९८२ च्या मे महिन्यात अठरा मुलांनी कॉलेजच्या पातळीची ‘एपी’ परीक्षा दिली आणि अठराच्या अठरा पास झाली!

आनंद टिकला नाही. ईटीएसने चौदा मुलांच्या पेपरांवर शंका घेतली. सहाव्या प्रश्नात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी एकसारखीच वेडगळ चूक केली होती. एस्कलान्ते भडकले. मुलांची आडनावं आणि शाळेचं नाव पाहूनच हा संशय घेतला, असं त्यांना वाटलं. संस्थेने ते नाकारलं. शेवटी चौदापैकी बारा मुलं ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षेला बसली. मधे उन्हाळ्याची सुट्टी गेलेली, उजळणीला जेमतेम दिवस. बाराही पुन्हा पास झाली आणि आधीचे गुण कायम झाले. यावर १९८८ मध्ये ‘स्टँड अँड डिलिव्हर’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी एस्कलान्तेंचं काम केलंय. चित्रपट पाहून आपण डोळे पुसतो आणि ईटीएसला शिव्या घालून उठतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. जे मॅथ्यूज नावाच्या पत्रकाराने एस्कलान्तेंवर पुस्तक लिहिलं. नऊ मुलांच्या पेपरात ती एकसारखी चूक होती हे त्यांना आढळलं. दोघा विद्यार्थ्यांनी त्यांना सांगितलं, की त्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर लिहिलेला एक कागद परीक्षेत फिरला होता. म्हणजे संस्थेची शंका अगदीच हवेतली नव्हती. आणि मुलांना गणित येत होतं, हेही तितकंच खरं ठरलं. येत असूनही शेवटच्या क्षणी घाबरून कागदाकडे डोळा गेला असेल. सोळा-सतरा वर्षांची पोरं ती. मला वाटतं, पुन्हा परीक्षा घेणं हाच तिथे सगळ्यांत माणुसकीचा मार्ग होता. तिने चूकही पकडली आणि मुलांचं शिक्षणही वाया जाऊ दिलं नाही. क्वीन्सच्या मुलापुढेही तो पर्याय होता, पण ज्याने खरंच परीक्षा दिली असेल त्याने ‘मी पुन्हा का सिद्ध करू?’ म्हटलं तर त्याला हट्टी कसं म्हणायचं? मुलीच्या चारित्र्यावर शंका घेऊन पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावणारं गाव आपल्याला काही नवं नाही.

कधी कधी वाढ एका मुलाची नसते, अख्ख्या देशाची असते. २००२ मध्ये ईटीएसच्या लक्षात आलं, की जीआरईच्या इंग्रजीच्या भागात चीनमधल्या मुलांचे गुण सरासरी शंभराने आणि कोरियातल्या मुलांचे पन्नासने वाढलेत. तेव्हा ही परीक्षा संगणकावर होती आणि तेच तेच प्रश्न फिरून येत. मुलं परीक्षा देऊन आली, की आठवतील ते प्रश्न इंटरनेटवर टाकत, पुढची मुलं ते पाठ करत. संस्थेने चीन, तैवान आणि कोरियात संगणकाची परीक्षा थांबवली आणि पुन्हा कागदावर घ्यायला सुरुवात केली. तिथल्या ज्या मुलांनी प्रामाणिकपणे शब्द घोकले, त्यांच्या गुणांकडेही मग लोक तिरक्या नजरेने पाहू लागले असतील.

आता राग येईल अशी गोष्ट सांगते. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एक मोठा प्रवेश घोटाळा उघड झाला. रिक सिंगर नावाचा माणूस श्रीमंतांच्या मुलांना नामांकित कॉलेजांत घुसवून देत असे. प्रवेश परीक्षेसाठी त्याचा दर एका परीक्षेला पंधरा हजारांपासून पंचाहत्तर हजार डॉलरपर्यंत. पंधरा हजार म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने दहा लाख रुपयांच्या वर! मुलाला जास्त वेळ मिळावा म्हणून दाखला काढायचा, परीक्षा आपल्या हातातल्या केंद्रावर घ्यायची आणि तिथे बसवलेला हुशार माणूस मुलाची उत्तरं नंतर दुरुस्त करणार. कधी तो मुलाच्या अक्षराचा नमुना मागवून घेऊन स्वतःच पेपर लिहिणार. सगळ्यांत हुशारी अशी, की किती गुण हवेत हे आधी पालकांशी बोलून ठरवायचं. छाप पडेल एवढे हवेत, पण भुवया उंचावतील एवढे नकोत. फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीने मुलीसाठी पंधरा हजार डॉलर दिले. मुलीला १४२० गुण मिळाले, म्हणजे आधीच्या सराव परीक्षेपेक्षा सुमारे ४०० नी जास्त. आईला चौदा दिवसांची कैद झाली. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची.

म्हणजे चाळणी कशी आहे हे ज्याला ठाऊक आहे तो तिच्या भोकांच्या मापाने धान्य दळून आणतो. आणि जी मुलगी आजारपणातून उठून, क्लास लावून, रात्रीचे जागरण करून एकदम चढते, ती मात्र चाळणीत अडकते. हे त्या संस्थांच्याही ध्यानात आलं असावं. आता त्या सांगतात, की नुसत्या वाढलेल्या गुणांवरून आम्ही कुणाचे गुण अडवत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. २०१८ च्या शेवटी फ्लोरिडातल्या मायामी गार्डन्सच्या एका मुलीचे गुण अडवले तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. ती मार्चमध्ये ९०० वर होती, ऑक्टोबरमध्ये १२३० वर गेली. तिने वकिलांसह पत्रकार परिषद घेतली आणि म्हणाली, मी शिकवणी लावली, अभ्यास केला, म्हणून वाढले. संस्था म्हणाली, तुझी उत्तरं इतर मुलांच्या उत्तरांशी फार जुळताहेत. कोण खरं ते मी इथे बसून सांगणार नाही. पण एक गोष्ट खटकते. २०१७ मध्ये याच कॉलेज बोर्डाने अभिमानाने जाहीर केलं होतं, की खान अकॅडमीवर फुकटात वीस तास सराव करणाऱ्या मुलांचे गुण सरासरी ११५ नी वाढलेले दिसतात. एका हाताने ‘वाढवा’ म्हणायचं आणि फारच वाढवले तर दुसऱ्या हाताने पत्र धाडायचं!

यात सुधारणाही झाल्या, ते सांगायला हवं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये २०११ मध्ये एक तरुण पैसे घेऊन दुसऱ्यांच्या नावावर सॅट दिल्याबद्दल पकडला गेला. एकदा तर त्याने एका मुलीच्या नावावर परीक्षा दिली होती, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही! त्यानंतर २०१२ पासून प्रवेशपत्रावर फोटो सक्तीचा झाला. आपल्याकडे बोर्डाच्या हॉल तिकिटावर फोटो असतो तसा. आता सॅट कागदावर राहिलेलीच नाही. अमेरिकेबाहेर २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून ती संगणकावर घेतात. शेजारच्या मुलाला वेगळेच प्रश्न येतात, त्यामुळे मान वळवून काही उपयोग नाही.

आणि आपल्याकडे? २०२४ च्या ‘नीट’चा गोंधळ कुणी विसरलेलं नाही. ४ जूनला निकाल लागला आणि ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडल्याचं दिसलं. आदल्या वर्षी असे दोघेच होते. त्यात हरियाणातल्या एकाच केंद्रावरची सहा मुलं. मग कळलं, की वेळ वाया गेला म्हणून १५६३ मुलांना वाढीव गुण दिले होते. ते काढून घेतले आणि या मुलांना पुन्हा परीक्षेचा पर्याय दिला. ८१३ जण बसले. आणखी एक भौतिकशास्त्राचा प्रश्न होता, त्याची दोन उत्तरं बरोबर धरली होती. ते सुप्रीम कोर्टात गेल्यावर एकच बरोबर धरायचं ठरलं आणि शेवटच्या यादीत पहिल्या नंबरावर १७ मुलं उरली. पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटला होता हे कोर्टानेही मान्य केलं. पण सगळ्या देशात फुटल्याचा पुरावा नाही म्हणून २३ जुलैला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सगळ्यांची फेरपरीक्षा नाकारली. आयआयटी मद्रासने आकडे तपासले होते. त्यांचं म्हणणं, गुण देशभर वाढले आहेत आणि त्याचं एक कारण अभ्यासक्रमच कमी केला होता. पाहा, वाढीला कितीतरी कारणं असतात. आपण मात्र एकच धरून बसतो.

त्या दिवसांत आमच्या अभ्यासिकेत शुकशुकाट असायचा. लातूरला दोन वर्षं खोली घेऊन राहिलेली एक मुलगी परत आली होती. चांगले गुण मिळाले होते तिला, पहिल्या खेपेपेक्षा पुष्कळ. ती म्हणाली, ‘‘काकू, गावात सगळे विचारतात, तुला कितीला पेपर मिळाला?’’ थट्टेतच विचारत होते लोक. पण ती पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. तिच्या आईने दोन वर्षांच्या डब्याचे आणि खोलीभाड्याचे पैसे बचत गटाच्या कर्जातून दिले होते, त्याचे हप्ते अजून चालू होते.

पेपरफुटीविरुद्धचा नवा केंद्रीय कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात टोळी करून असे उद्योग करणाऱ्यांना पाच ते दहा वर्षं तुरुंगवास आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. ठीक झालं. पण गल्लीतल्या जिभेला कुठला कायदा?

म्हणून आम्ही अभ्यासिकेत एक पद्धत सुरू केली आहे, क्वीन्सच्या त्या मुलाची फाइल डोळ्यापुढे ठेवून. त्याच्याकडे आजारपणाचा दाखला होता, सराव परीक्षांचे गुण होते. कोर्टात उपयोगी पडले ते हेच कागद. आमच्याकडे मुली सराव परीक्षा देतात आणि पेपर तपासून झाले, की रद्दीत जातात किंवा पोळ्यांच्या डब्यात तळाला घातले जातात. आता ज्या त्या मुलीच्या नावाची एक फाइल आहे. प्रत्येक सराव पेपर तारीख घालून त्यात लावायचा. ऐन परीक्षेच्या दिवशी ताप असेल, पाळीच्या दुखण्याने लोळत असेल, घरात कुणाचं निधन झालं असेल तर त्याचा कागद त्याच आठवड्यात करून घ्यायचा, सहा महिन्यांनी डॉक्टरांना आठवत नाही. नीटसारख्या परीक्षेत आपल्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा पाहायला मिळते, ती मुदतीत उतरवून घ्यायची. कुठल्याही फॉर्मवर सही करायच्या आधी खालचं बारीक अक्षर एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. यात मुली कंटाळतात, मी कंटाळू देत नाही.

ज्या आईने मला पहिल्यांदा विचारलं होतं, तिला मी क्वीन्सच्या मुलाची आणि एस्कलान्ते सरांच्या वर्गाची गोष्ट सांगितली. कागद फिरला होता हेही सांगितलं, लपवलं नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, ‘‘त्या बारा पोरांना दुसऱ्यांदा पेपर सोडवायला जागा कुणी दिली?’’ मला ते ठाऊक नव्हतं. तिने लेकीची फाइल मागून घेतली. तिला वाचता येत नाही, पण तारखा ओळखू येतात. जून ते जानेवारी अशी पानं तिने एकेक करून उलटली. ऑक्टोबरचा एक पेपर उलटा लागला होता, तो काढून नीट लावला.